लोर्नाच्या मनातला संघ

कॅनडातल्या आमच्या हॅमिल्टनला सरोवरावरून धुकं आलं की ते पोलादाच्या भट्ट्यांच्या धुरात मिसळतं आणि बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेलं आमचं मोठं हॉकीघर पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. सतरा हजार खुर्च्या, पण मोठ्या लीगमधला संघ नाही. पाळणा आधी, बाळ मागाहून, असं लोक म्हणत.

आमच्या दैनिकात खेळांवर लिहिणारी एकच बाई होती, लोर्ना कोवाल. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. १९९० साली लीग नव्या संघांसाठी दोन शहरं निवडणार होती आणि गाव झपाटून गेलं होतं. आमच्या संपादकानं, गॉर्डननं, सगळ्यांना ‘संघ आमचाच’ असे बिल्ले वाटले. लोर्नानं तिचा परत केला.

“तू या गावची नाहीस का?” गॉर्डन म्हणाला.

“आहे ना. पण हा लावल्यावर माझी बातमी कोण खरी मानेल?”

तीन आठवडे तिनं इतर संघांच्या मालकांना फोन केले आणि मग लिहिलं: आपली निवड होणं कठीण आहे; तासाभराच्या अंतरावर दोन जुने संघ आहेत, त्यांना प्रेक्षकांत वाटेकरी नको आहे.

गाव तिच्यावर उलटलं. बेकरीवाला पाव देताना तिच्याकडे बघेना. तिचे वडील स्टेफान, तीस वर्षं भट्टीवर काढलेले, रविवारच्या जेवणात म्हणाले, “लग्नघरात असं बोलतात का, पोरी?”

“बाबा, नवरदेव येणारच नाहीये.”

“ते आम्हाला मांडवात कळलं असतं. तोवरचे दिवस तरी आमचे होते.”

त्यानंतर कित्येक आठवडे ते तिच्याशी बोललेच नाहीत.

एका सकाळी ती मला हॉकीघरात घेऊन गेली. बर्फाची निगा राखणाऱ्यानं आम्हाला आत सोडलं. ती स्केट बांधून एकटीच गोल गोल फिरत राहिली. बर्फावरून पांढरी वाफ उठत होती. ती त्यात विरायची, परत उमटायची. कठड्याशी येऊन थांबली तेव्हा हळूच म्हणाली, “ऐकू येतात का तुला?”

“कोण?”

“लोक. मला येतात.” मग म्हणाली, “हा संघ मला इतका हवाय, की माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. म्हणून प्रत्येक गोष्ट तीनतीनदा विचारली.”

डिसेंबरात निकाल लागला. दुसरी दोन शहरं निवडली गेली. लोर्नाची जीभ काळी, असं कचेरीतही कुणीतरी कुजबुजलं. तिनं आठ ओळींत बातमी लिहिली. एकही शब्द हळवा नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टेफान कचेरीत आले. टोपी हातात घेऊन तिच्या टेबलापाशी उभे राहिले.

“तुलाही हवा होता ना?”

तिनं होकारार्थी मान हलवली.

“मग सांग. तुझ्या मनात आपल्या पोरांच्या अंगावर कुठला रंग होता?”

“हिरवा.”

“हिरवा?” स्टेफाननी माझी खुर्ची ओढली आणि बसले. “हॉकीला कुणी हिरवा घालतं का?”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचा रंग ठरला नव्हता.