पुलापलीकडचं अंगण

देशाचं सगळं सरकार हल्डामावशीच्या इस्त्रीखालून जातं, असं आमच्या गल्लीत थट्टेनं म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं. राजधानीत कॅपिटलच्या, म्हणजे संसदेच्या टेकडीच्या, उतारावर प्रॅथरबाईंची खानावळ होती. कायदे करायला आलेले उत्तरेचे आणि दक्षिणेचे सभासद तिथं राहायचे, एकाच टेबलावर जेवायचे. त्यांचे शर्ट, कॉलरी आणि टेबलावरची पांढरी कापडं हल्डामावशी आपल्या झोपडीत धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून टोपलीतून पोचवायची.

मावशी स्वतः आता गुलाम नव्हती, मोकळी होती. म्हाताऱ्या मालकानं मरताना मृत्युपत्रात तिला मोकळं केलं, आणि त्याच कागदात तिची मुलगी डेल्फी आपल्या सुनेच्या, म्हणजे प्रॅथरबाईंच्या, नावे केली. आईला सुटका, मुलीला मालकीण. माणूस मोठा देवभीरू होता म्हणतात. असेलही.

डेल्फी खानावळीत वाढायचं काम करायची. उंच, शेलाटी, जरा फटकळ. सभासद काय बोलतात ते मागल्या दाराशी येऊन आईला नकला करून दाखवायची. अठराशे पन्नास सालच्या त्या उन्हाळ्यात नकलांना तोटा नव्हता. जॉर्जियाचे गलेलठ्ठ गृहस्थ आणि ओहायोचे किडकिडीत गृहस्थ एकमेकांच्या हातून मिठाचं भांडंसुद्धा घेत नव्हते. नव्या मुलखात गुलाम ठेवायचे की नाही, यावरून देश फुटतो की काय अशी वेळ आली होती.

मावशीला देशाचं काही पडलेलं नव्हतं. वसंतात गुलामांचा एक दलाल खानावळीत येऊन गेला होता. त्यानं डेल्फीला तोंड उघडायला लावून दात पाहिले, दंड चाचपले आणि बाईंशी कुजबुजून निघून गेला. बाईंचा हात तंगीत होता, हे भिंतींनाही माहीत होतं. तेव्हापासून मावशीची झोप उडाली. जळाऊ लाकडाची होडी घेऊन नदीनं ये-जा करणाऱ्या लेमकाकांशी तिनं बोलून ठेवलं. त्यांनी आधीही कुणाकुणाला लाकडांआड दडवून उत्तरेला, जिथं गुलामी नव्हती तिथं, सोडलं होतं. सप्टेंबरात, पाणी जरा वर चढलं की डेल्फीला न्यायचं, असं ठरलं.

आणि सप्टेंबरात तडजोड झाली. तोफा उडाल्या, घराघराच्या खिडक्यांत मेणबत्त्या लागल्या. जॉर्जियाचे आणि ओहायोचे गृहस्थ जिन्यात एकमेकांच्या गळ्यात पडले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं दोघांचा समेट झाला आणि तिसऱ्याचा घात. पण तो घात त्या दिवशी कुणाला दिसला नाही. उलट आमच्या गल्लीत लोकांनी देवाचे आभार मानले. कारण त्या तडजोडीत आमच्यासाठीही एक तुकडा टाकला होता: राजधानीतला माणसांचा बाजार बंद. नवं वर्ष उजाडल्यावर इथं विक्रीसाठी कुणाला आणायचं नाही, कोंडायचं नाही. दक्षिणेला त्या बदल्यात दुसरा तुकडा मिळाला होता: पळालेला गुलाम देशात कुठंही सापडला तरी पकडून परत द्यायचा आणि पकडायला वाटेतल्या माणसानंही मदत करायची.

लेमकाका मावशीच्या दारात आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. पाणी चढलं होतं, होडी तयार होती. पण आता फिलाडेल्फियाला सोडून भागायचं नव्हतं. तिथंही रस्त्यावरून उचलतील. देशाबाहेर, पार कॅनडात पोचवायला हवं, आणि तिथवर त्यांची ओळख नव्हती.

"तू म्हणशील तसं, हल्डे," ते म्हणाले. "ने म्हणालीस तर नेतो. पण पुढची खात्री मी देत नाही."

मावशीनं बराच विचार केला. बाजारच बंद झाला, तर मुलगी विकणार कुठं? सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं. पोरीला कशाला रानोमाळ धाडायची?

"राहू दे," ती म्हणाली. "इथं निदान डोळ्यांसमोर तरी आहे."

शहाणी बाई होती ती, पण इथं चुकली. गल्लीतले सगळेच चुकले. मी म्हणतो, चुकायलाच लावलं होतं. कायदा राजधानीपुरता होता. लांब पूल ओलांडला की अलेक्झांड्रिया, आणि ते गाव तर व्हर्जिनियानं तीन-चार वर्षांमागेच राजधानीच्या हद्दीतून परत घेतलेलं. दलालांनी नव्या वर्षाची वाटही पाहिली नाही. बेड्या, पाट्या, कुलपं गाड्यांत घालून ते पलीकडे राहायला गेले. बाजार कसला बंद झाला? नुसता नदीपार गेला.

नाताळच्या आधीच्या एका रविवारी प्रॅथरबाईंनी निरोप धाडला. अलेक्झांड्रियाला बहिणीकडे जायचंय, गाठोडी उचलायला डेल्फी बरोबर येईल, तिचा निळा झगा नीट करून ठेव. मावशीनं झग्याला इस्त्री केली. बाहीची चुणी मोडली होती ती पुन्हा बसवली. पोरगी चारचौघांत जाणार, म्हणून गळ्यालाही खळ घातली.

डेल्फी झगा घालायला आली ती कुरकुरत. "मला नाही जायचं, आई. मला नको वाटतंय."

"नको वाटायला काय झालं? बाई म्हणतात ना?"

"ती बहीण कधी आलीय का इथं? कुणी पाहिलीय का तिला?"

"डेल्फी, तोंड वर करून बोलू नकोस. जा मुकाट्यानं. बाई सांगतील तसं कर."

डेल्फी गेली. फाटकाशी थांबून तिनं एकदा मागं वळून पाहिलं. मावशीनं हातानंच जा जा केलं.

संध्याकाळी बाई एकट्या परत आल्या. चांगल्या माणसांत दिलीय तिला, म्हणाल्या. न्यू ऑर्लिन्सकडं हवा चांगली असते. आणि टेबलाची कापडं सोमवारी हवीत. मावशीनं सोमवारी कापडं दिली. नाही म्हणायची सोय नव्हती. बोलली असती तर तिच्या मोकळेपणाचा कागदही कुणीतरी तपासायला मागितला असता.

लोकांना वाटायचं, मुलगी गेली म्हणून ती झुरते. गेल्याचं दुःख तर होतंच, पण ते उराशी बाळगून आमच्यात कितीतरी बाया जगत होत्या. हल्डामावशीला खाणारी गोष्ट वेगळी होती. आपण झग्याला इस्त्री केली, आपण जा म्हटलं. पोरीनं वळून पाहिलं तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? आईला ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं मला नटवून पाठवलं. ती पोर कुठल्या तरी उसाच्या शेतात हेच मनात धरून जगत असेल, नाहीतर हेच धरून मेली असेल. आणि तिला सांगणार कोण?

इस्त्री करता करता ती मध्येच थांबायची आणि फाटकाकडं बघून स्पष्ट म्हणायची, "नव्हतं गं ठाऊक." गिऱ्हाईक समोर असलं तरी म्हणायची. काही जण घाबरून दुसरीकडं कपडे द्यायला लागले. निळ्या कापडाला तिनं पुन्हा हात लावला नाही. रविवारी ती पुलाच्या मध्यापर्यंत जायची आणि परत यायची. पलीकडं पाऊल टाकलं असतं तर मोकळ्या काळ्या बाईलाही आत टाकून विकायला त्या लोकांना वेळ लागला नसता.

मोठी माणसं म्हणाली होती की तडजोडीनं देश वाचला. दहा वर्षं वाचला. मग युद्ध पेटलं, आणि पहिल्याच वसंतात उत्तरेची पलटण पूल ओलांडून अलेक्झांड्रियात शिरली. दलालाच्या कोंडवाड्याचा तुरुंग झाला. ज्या अंगणात आमची माणसं उभी करून दाखवत, तिथं दारू पिऊन दंगा करणारे शिपाई कोंडले जाऊ लागले. मावशी त्या पलटणीमागोमाग पुलापलीकडं गेली. तिथल्या कप्तानाला म्हणाली, तुमचे कपडे मी धुते, मला या अंगणात राहू द्या. लेमकाकांनी परोपरीनं समजावलं, पण ती हलली नाही. डेल्फीचे पाय शेवटचे इथं टेकले होते.

दक्षिणेतून पळून आलेली माणसं तेव्हा झुंडीनं अलेक्झांड्रियात येत. मावशी प्रत्येकाला विचारायची: उंच, शेलाटी, फटकळ, डेल्फी नावाची? लोक मान हलवायचे. एके दुपारी कॅरोलिनाकडून आलेली एक तरणी बाई तिच्याबरोबर अंगणात कपडे पिळायला बसली. डेल्फी तिलाही माहीत नव्हती. बराच वेळ कपडे पिळल्यावर ती आपणहून बोलायला लागली.

"मलाही आईनंच पाठवलं होतं. केस विंचरले, डोक्याला धुतलेलं फडकं बांधलं. म्हणाली, जा, त्यांचं ऐक. बाहेर गाडी उभी होती."

मावशीचे हात थांबले.

"तिला ठाऊक होतं," बाई म्हणाली. "नाहीतर केस कशाला विंचरले असते?"

"नव्हतं ठाऊक."

"तुम्ही कुठं ओळखता माझ्या आईला?"

"नाही ओळखत. पण नव्हतं ठाऊक, बाळा. पोरगी संध्याकाळी घरी येणार असते, म्हणून आई केस विंचरते."

त्या बाईनं ओला शर्ट मांडीवर तसाच ठेवला. त्याचं पाणी तिच्या झग्यावर पाझरत राहिलं, तिला भान नव्हतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

हल्डामावशीनं पुन्हा सांगितलं.