न फुगलेला पाव

नागावला आमच्या होमस्टेला पाव पुरवणाऱ्या मावशी दोन घरं सोडून राहतात. पीठ मळलं की त्यावर बोटाने क्रूस काढायचा, वर ओलं फडकं टाकायचं आणि मग ते उचलून बघायचं नाही, ही त्यांची पद्धत. मी एकदा कोपरा उचलला तर हातावर चापट बसली. "त्याच्यावर सोपवलंय ना? मग डोकावतेस कशाला?"

गेल्या वर्षी एका रविवारी त्या चर्चहून आल्या त्या पाकिटातलं यीस्ट सोडायचं ठरवूनच. सासूबाईंसारखा माडीवर, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसावर, पाव फुगवणार म्हणे. माडीचा काही भरवसा नसतो. मी तोंडावर सांगितलं, "मावशी, धंद्यात हे असलं करू नये." त्या नुसत्या "व्हय" म्हणाल्या आणि मळत राहिल्या.

नाताळच्या आदल्या सकाळी माझे पाहुणे नाश्त्याला बसलेले आणि पावाचा पत्ता नाही. मी तणतणत गेले. दार रोजच्यासारखं सताड उघडं. फळीवर चपटे, दगडासारखे पाव मांडलेले, आणि येईल त्याला मावशी स्वतःच सांगत होत्या, "आज न्हाय फुगला." आत माडी घालूनच मळलेलं दुसरं पीठ फडक्याखाली होतं.

माझं भांडायचं राहूनच गेलं. विचारलं, "क्रूस काढताना मागता तरी काय?"

"फुगू दे, असं न्हाय मागत कधी," त्या म्हणाल्या. "न्हाय फुगला तर सकाली दार उघडायचं बल दे, एवढंच."