मांडीची खुर्ची

सगळा देश पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्या खुर्चीवर बसला आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. बायकोचे हे मामा फर्निचर डिझायनर. परदेशात शिकले, तिथे चार वर्षं सरळसोट खुर्च्या काढल्या आणि ‘यात आमचा माणूस कुठे आहे?’ म्हणत परत आले ते थेट पनवेलजवळच्या सुकापूरला वर्कशॉप थाटायला. गिऱ्हाइकं भारतीय फर्निचर म्हणून मोर आणि कमळं मागायची. मामा भडकायचे. “भारतीय म्हणजे मोर नव्हे हो, मांडी!” त्यांची खुर्ची बुटकी, ऐसपैस, सागाच्या चार पट्ट्या, वेताची बैठक आणि नक्षीचं नाव नाही. कुणी मांडी घातलेली दिसली की टेप बाहेर. माझ्या लग्नात भटजी मंत्र म्हणताहेत आणि मामा पाटावर बसलेल्या माझं या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत माप घेताहेत. “सत्तावीस इंच! जावईबापू, हलू नका!”

कुणीतरी अनोळखी यावं आणि न सांगता पाय वर घेऊन त्या खुर्चीत बसावं, एवढं एकच त्यांना आयुष्यात बघायचं होतं. पण येणारा प्रत्येक जण कडेला टेकायचा, पाय खाली. वडीलधाऱ्या माणसासमोर, तेही परक्या जागेत, पाय वर कोण घेणार? वर्कशॉपची जागा भाड्यानं देणाऱ्या मालकीणबाईंना मामांनी किती आग्रह केला! “नको बाबा, लोकाच्या घरान पाय वर नाय घेत आमी,” म्हणून त्या चक्क जमिनीवर बसल्या.

एक खुर्ची त्यांनी आम्हाला दिली. नवीन पनवेलच्या आमच्या घरात तिच्यावरून रोज भांडणं. मुलगी तिच्यात मांडी घालून जेवते, बायको मेथी निवडते, मी पेपर वाचतो. हे मामांना सांगितलं की म्हणायचे, “मन राखायला बोलता.”

परवा ते येणार होते. काही झालं तरी पाय वरच ठेवायचे, असं ठरवून मी खुर्चीत बसलो. बायकोनं दार उघडलं. तीन जिने चढून धापा टाकणारे मामा दिसले आणि मी केव्हा उभा राहिलो ते मलाच कळलं नाही. इतकी लाज वाटली मला स्वतःची. मी त्यांना खुर्ची दिली. ते कडेला टेकले, पाय खाली सोडून.

“मामा, नीट मांडी घाला ना,” बायको म्हणाली.

“असू दे गं, जावयाचं घर आहे,” म्हणत ते आणखी थोडे पुढे सरकून बसले.