सरळ कडेचा डाग

वहिनीला सातवा महिना लागला होता. म्हसळ्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाच्या हृदयापाशी काळा डाग दिसतोय, मुंबईला दाखवा. मुंबईची वेळ आठ दिवसांनंतरची मिळाली. दादाने होडी दिघी बंदरात बांधून ठेवली आणि समुद्रावर जाणंच सोडलं.

रिपोर्टमधलं चित्र मी घरी नीट बघितलं. डागाची एक कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. शरीरात इतकं सरळ काही नसतं. आणि त्या यंत्राच्या पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम माझा होता. नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीचं काम मी घरूनच करायचे.

कंपनीच्या साहेबांना फोन केला. पुरावा हाती येईपर्यंत कुठे बोलू नका, असं ते म्हणाले. मी घरातही गप्प राहिले. माझा अंदाज खोटा ठरला तर वहिनीला दुसऱ्यांदा कोण सावरणार?

यंत्रात असतो तसलाच कॉम्प्युटर माझ्याकडे होता. चाचणीसाठी साठवलेले सोनोग्राफीचे सिग्नल त्यावर चालवत बसले. हजारो चित्रं स्वच्छ यायची, मग एखाद्यात तसाच सरळ कडेचा काळा तुकडा. मेमरी बदलली, डाग राहिला. ग्राफिक्स कार्ड बदललं आणि डाग गेला. वाटलं, सापडलं. पण नवं कार्ड असूनही दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. कुठे बिघडतंय ते कळावं म्हणून प्रोग्रामला पावलोपावली नोंदी करायला लावल्या, तर त्या नोंदींमुळे तो मंदावला आणि चूक दिसेनाशी झाली. बघायला गेलं की लपायची. पलीकडच्या खोलीत वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. आईने पुढे ठेवलेलं ताट तसंच परत यायचं. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागे फिरले.

सहाव्या दिवशी एक युक्ती केली. मेमरीतली चित्राची जागा रिकामी झाली की तिथे एक ठरावीक खुणेचा आकडा भरून ठेवायचा. पुढचा डाग आला तेव्हा त्यात तोच आकडा होता. म्हणजे कार्ड चित्र वाचत असतानाच प्रोसेसर ती जागा रिकामी समजून पुसत होता. कार्डाचं काम संपेपर्यंत प्रोसेसरला थांबायला लावलं, डाग गेला. थांबणं काढलं, डाग परतला. असं दहा वेळा केलं. थांबण्याची ती एक ओळ मीच लिहायची विसरले होते.

साहेबांना न विचारता डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी ओळखीच्या दवाखान्यात, दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर वहिनीला पुन्हा तपासून घेतलं. बाळाचं हृदय चांगलं होतं. दादा तिथेच पायरीवर बसून रडला. मग साहेबांनाही कळवलं; त्यांनी सगळीकडची यंत्रं बंद करायला लावली, आणि आधी तपासलेल्या बायकांना परत बोलावणं सुरू झालं. त्यातल्या कुणाचं काय झालं, ते सगळं मला कधी कळलं नाही.

घरी येऊन मी वहिनीला सारं खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"वन्सं, तुमाला पयल्याच दिवशी वाटलं व्हतं?"

"हो."

"आन् मी सा दिस रडत व्हते, ते तुमाला आयकू येत व्हतं?"

"येत होतं," मी म्हणाले. ती उठली आणि चुलीकडे गेली.