वैशाखातली नदी

"साहेब, पान्याले पाहू नोका. रेतीले विचारा," असे म्हणत तो पात्राच्या कोरड्या कडेला उकिडवा बसायचा आणि हाताने रेती उकरायला लागायचा. खाली पाणी लागले की मान वर न करताच म्हणायचा, "आली."

तो नदीकाठच्या एका गावचा कोतवाल. मी मोजणीदार, खात्यात नवा आणि नकाशाच्या घमेंडीत वावरणारा. मालेगावच्या पठारावरचे दक्षिणेचे पाणी पैनगंगेला जाते, उत्तरेचे पूर्णेला. त्या उत्तरेच्या उतारावरची एक छोटी नदी मला कागदावर आणायची होती. माझ्या मोजणीच्या साखळीचे एक टोक त्याच्या हाती असे.

स्वतःच्या हातानेच सगळे मोजणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. पाणी लागायला पौषात बोटभर उकरावे लागते, माघात मनगटापर्यंत, वैशाखात कोपरापर्यंत, असा त्याचा हिशेब. माझ्या साखळीची त्याला दया येई. "तुमची साखयी आडवंच मोजते जी. खाली किती हाय, ते तिले काय मालूम?" आम्ही मोजणीवाले सगळे हसायचो. तोही हसायचा.

त्याच्या गावाखाली दोन प्रवाह एकत्र येत. पूर्वेचा चांगला रुंद, पश्चिमेचा अरुंद, त्याच्या वस्तीला लागून. आम्ही गेलो तेव्हा कार्तिक होता, दोन्ही वाहत होते. मी रुंदी मोजली, मोठ्याला नदी लिहिले आणि दुसऱ्याला नाला.

त्याला वाचता येत नव्हते. "कागदावर आमची कोनती?" त्याने विचारले. मी बारीक रेघ दाखवली. त्याने तिच्यावर बोट टेकवले.

"काहून जी? थे मोठी तं संक्रातीलेच दम सोडते. आमची वैशाखातबी पानी देते. मंग नदी कोनती?"

हा नुसता नावाचा हट्ट नव्हता. सरकारी बंधारा होणार होता आणि नकाशात जिथे नदी, तिथेच तो बांधायचा होता. वस्तीतल्या बायांची पाण्याची पायपीट त्या रेघेवर अवलंबून होती.

"वैशाखात या साहेब," तो म्हणाला. "मी काही बोलत नाई. नदीच सांगन."

"येतो," मी म्हणालो.

चैत्र संपताना तो उन्हातून चालत मालेगावला माझ्या मुक्कामी आला. "येता ना?" एवढेच विचारले. मी पुन्हा हो म्हणालो, आणि गेलो नाही. ऊन होतेच, पण नकाशा वर गेला होता, वरिष्ठांनी पाठ थोपटली होती, आणि माझी चूक मलाच उकरून काढायची नव्हती. हे लिहिताना आजही शरम वाटते. त्याच वर्षी माझी बदली झाली. बंधारा रुंद प्रवाहावर झाला.

सहा-सात वर्षांनी मालेगावजवळच्या शिरपूरला जाताना मी वाट वाकडी केली. वैशाखच होता. बंधाऱ्यामागे तडकलेला गाळ होता आणि त्यात शेळ्या बसल्या होत्या. पलीकडे अरुंद पात्रात एक बाई रेती उकरून वाटीवाटीने घागर भरत होती. मी बंधाऱ्याबद्दल विचारले, तेव्हा बोलण्यातून ती कोतवालाची सून निघाली. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, ती म्हणाली.

"मामाजी वैशाखात कोनाच्या लग्नालेबी जात नोयते. म्हनत, मोजनीवाले साहेब येतीन, आन मीच घरी नसन तं त्यायले नदी कोन दाखवन?"

तिने माझ्या ओंजळीत पाणी ओतले. मी प्यायलो. मग तिने विचारले, "तुमी ओयखत होते का त्यायले?"

"नाही," मी म्हणालो. "रस्त्याने जात होतो."