एकाच बाजूला फिरणारं कडं

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सहा लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे रुपये. अल्पेशने हा आकडा भर पंगतीत सांगून टाकला आणि त्याच्या बापाचा, चांगदेवचा, घास हातातच राहिला.

"पानबुड्यांचं घड्याळ हाय, बाबा. गेल्याच महिन्यात निघालंय. तीनशे मीटर खाली न्या, थेंब आत जानार न्हाय."

"मी तीनशे मीटर खाली कशाला मरायला जातोय?" चांगदेव म्हणाला. "माझ्या मिठाच्या आगरात पानी गुडघ्याएवढं."

पंगत हसली. अल्पेशही हसला. उरणच्या बंदरावर त्याचे चार ट्रेलर चालत होते. बापाच्या पंच्याहत्तरीसाठी तो मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईला जाऊन हे घड्याळ घेऊन आला होता. त्याने स्वतःच्या हाताने बापाचं जुनं घड्याळ काढलं आणि नवं बांधलं. जुनं त्याने तिथेच सदू ड्रायव्हरच्या हातात दिलं. "घे, तुला बक्षीस!"

पाहुण्यांसमोर काय बोलणार? चांगदेवने एवढंच केलं, की सदूला जरा थांबवून जुन्या घड्याळाकडे पाहिलं आणि नव्याच्या काचेभोवतीचं कडं फिरवून त्यावरचा त्रिकोण त्याच जागी आणून ठेवला. तेवढ्याने काम भागेल असं त्याला वाटलं.

ते जुनं घड्याळही पाणबुड्यांचंच होतं. थळच्या अंबाजी नाखव्याकडून त्याने ते फार वर्षांपूर्वी घेतलं होतं. पण चांगदेव ते भरतीसाठी वापरायचा. तास-काटा त्रिकोणाशी आला की खाडी भरली. भरती रोज पाऊण तासाने पुढे जाते, म्हणून कडं रोज चार घरं, म्हणजे मिनिटाच्या चार खुणा, पुढे. मिठागराचं दार पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या पाण्यात उघडायचं, खाडी भरली की लगेच बंद करायचं. उशीर झाला तर घेतलेलं पाणी परत जातं आणि पुढच्या उधाणापर्यंत वाफे कोरडे पडतात.

खरं तर मिठागरवाल्याला त्यासाठी घड्याळ लागत नाही. तिथी माहीत असली की भरतीची वेळ चटकन सांगता येते. चांगदेवने अल्पेशला लहानपणी हा हिशेब बोटांवर शिकवला होता. पण गेल्या पावसाळ्यापासून त्याच्याच डोक्यातून तिथी निसटू लागली. आज द्वितीया की पंचमी, काही केल्या आठवेना. हे फक्त येसूबाईला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की ती कडं हाताला लागेल तसं चार टिक फिरवायची. आकडे बघायची तिला गरज नव्हती. मग दिवसभर चांगदेवचं डोकं शाबूत आहे असं सगळ्यांना वाटायचं. अल्पेशला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी मिठागर बंद केलं असतं. "बांधावरून पडाल" हे तो तसंही दर आठवड्याला म्हणायचा.

पाहुणे शनिवारपर्यंत हलले नाहीत. पौर्णिमेचं पाणी असंच गेलं. या उधाणाचा शेवटचा चांगला दिवस रविवार. त्या सकाळी चांगदेव साबुदाण्याची खिचडी खाऊन, काटा त्रिकोणाशी यायच्या आत, घाईघाईने बांधावर पोचला.

खाडी रिकामी होती.

चिखलावर बगळे चालत होते. होड्या आडव्या पडल्या होत्या. त्याने घड्याळ पाहिलं. काटा त्रिकोणाला टेकला होता. पुन्हा खाडी पाहिली. तो दारापाशी गेला, परत आला, बसला, उठला. दाराच्या फळीवर हात ठेवून त्याने आठवायचा प्रयत्न केला, की आपण मघाशीच तर आलो नव्हतो? पाणी येऊन गेलं आणि आपल्याला कळलंच नाही? सहा-सात लाखांचं घड्याळ चुकेल, की आपण? घड्याळावर संशय घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तो तसाच घरी आला आणि कुणाला काही न सांगता ओटीवर येरझाऱ्या घालत राहिला. दुपारी अंगावर चादर ओढून पडला, पण डोळा लागला नाही.

संध्याकाळी अल्पेश मोबाइल घेऊन समोर बसला. "ग्रुपवर सगळी विचारतात, बाबा. कसं वाटलं घड्याळ?"

"जड हाय."

"आनि?"

"रबराच्या पट्ट्याखाली घाम येतो. काच अशी चमकते, की उन्हात काटा दिसत न्हाय. कड्याच्या खाचांत मीठ बसलं तर काढनार कोन? त्या कंपनीचा मानूस?"

"एवढे पैसे घातले, बाबा, नि तुम्ही भाजी घेताना काढतात तशा खोडी काढताय?"

"विचारलंस म्हनून सांगितलं."

अल्पेशचा चेहरा पडला. तेवढ्यात येसूबाई मागच्या दारातून आत आली. "आवो, तुम्ही आगराचं दार उघडलं न्हाय व्हय? शेजारची कमळ सांगत होती, त्यांनी साडेतीनला पानी घेतलं. काठोकाठ होतं म्हने."

"साडेतीनला?" चांगदेव ताडकन उठला. "येसू, तू कडं कसं फिरवलंस?"

"रोजच्यासारखं. चार टिक." तिने त्याचं मनगट धरून दाखवलं. टिक, टिक, टिक, टिक. त्रिकोण मागे सरकला. "हे उलटंच फिरतं. म्हटलं, भारीतल्या वस्तूंची तऱ्हाच येगळी."

चांगदेवने कडं पुढे ढकलून पाहिलं. ते हललं नाही. तो मोठ्याने हसला. "म्हंजे चुकलं घड्याळ! मी न्हाय!"

"चुकलं न्हाय, बाबा," अल्पेश म्हणाला. "ते मुद्दाम तसं केलंय. पानबुड्याची हवा संपायच्या आत त्याला वर यायचं असतं. कडं चुकून ढकललं गेलं, तरी हवा कमीच उरली असं दाखवतं. मानूस लवकर वर येतो, मरत न्हाय."

"त्याचं बरोबर हाय. त्याला वर यायची घाई. पन भरती रोज पुढं जाते. हे कडं चार घरं पुढं न्यायला मला छप्पन्न घरं मागं फिरवायला लागतील. तेवढं मोजेपर्यंत ओहोटी लागंल."

अल्पेश हसला नाही.

"पन कडं लागतं कशाला? तिथीवरून भरती काढायला तुम्हीच शिकवलं मला. आज तिथ कोनती, बाबा?"

चांगदेव बोटांवर मोजू लागला आणि मध्येच थांबला. येसूबाई पदराला हात पुसत उभी होती. सकाळपासून तिचा संकष्टीचा उपास होता. सकाळची खिचडी त्याच उपासाची होती.

"चतुर्थी," शेवटी तीच म्हणाली. "त्यांच्या ध्यानात राहत न्हाय आता. म्हनून मी फिरवते."

अल्पेशने मोबाइल पालथा ठेवला. तो अंगणात गेला, तिथे उभ्या असलेल्या ट्रेलरला एक चक्कर मारून परत आला, पुन्हा गेला. ओटीवर चांगदेवच्या येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. बापलेक एकमेकांकडे न बघता चालत राहिले.

"अमावास्येच्या उधाणाला मी येतो बरोबर," दारातून अल्पेश म्हणाला. "दार तुम्ही उघडा. हा हंगाम काढा. पुढचं पावसाळा झाल्यावर बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हंजे बघू, बाबा."

सोमवारी चांगदेवचा निरोप गेला म्हणून सदू जुनं घड्याळ परत घेऊन आला. ते हातातून काढताना त्याचा जीव जात होता.

"पट्टा नवा टाकला मी, बाबा. साडेतीनशेचा. बक्षीस म्हनून दिलं होतं ना शेठनी."

"देतो तुला. अल्पेशला सांगू नको."

येसूबाईने कमळला भरतीची वेळ विचारून त्रिकोण जागेवर आणला. नवं घड्याळ अल्पेश घालतो. काय काय दाखवतं, असं कुणी विचारलं, की तो विषय बदलतो. सदू दर दोन दिवसांनी अंगणात येऊन उगाच खोकतो. वाफे अमावास्येपर्यंत कोरडे आहेत, मीठ निघायला वेळ आहे. सदूचे पट्ट्याचे साडेतीनशे रुपये चांगदेवकडून अजून यायचे आहेत.