टोकावरचा पापुद्रा

मुख्तार रंगाऱ्याचा दिवस पहाटे चारला सुरू होई. जळगावात आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक नळाला तेव्हाच पाणी येई आणि पाऊण तासात जाई. तो आणि त्याची बायको मेहरुन मिळून सहा हंडे भरत. तेवढ्यात पाच माणसांचा दिवस काढायचा. मग तो कामाला निघे.

ते साल चौऱ्याहत्तर, महिना मे. मिश्रीलालशेठच्या कारखान्यात मी फिटर होतो, मुख्तार रोजंदारीवर. ट्रकचे फाळके, म्हणजे मागच्या-बाजूच्या फळ्या, रंगवण्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. शेठने धुळ्याच्या प्रदर्शनासाठी जिनिंग कारखान्याची छोटी प्रतिकृती करायला घेतली. लाकूड-पत्रा माझा, रंग त्याचा. चिमणी वीतभर, खिडकी नखाएवढी. इतक्या बारीक कामावर ब्रशचे ओरखडे दिसतात, म्हणून शेठने मुंबईहून जुना एअरब्रश आणि ॲक्रिलिक रंगाच्या बाटल्या आणल्या. फाउंटन पेनाएवढं यंत्र. आत सुई, पुढे तोटी, तोटीचं भोक दोऱ्याएवढं. सुई मागे ओढली की हवेबरोबर रंग उडतो. हवा ट्रकच्या ट्यूबमधून घ्यायची. ट्यूब भरायला मी पंप मारायचा. सव्वाशे हात मारले की पाव तास चाले.

शनिवारी सकाळी टेम्पो निघणार, असं शेठने बजावलं होतं. काम जमलं तर मुख्तारला महिन्याच्या पगारावर कायम घेणार. नाही तर भुसावळच्या पेंटरला निरोप जाणार.

बुधवारी पहिली भिंत रंगवायला घेतली. पाच मिनिटांत यंत्र थुंकू लागलं, मग बंद पडलं. भिंतीवर ठिपके उठले. मुख्तारने ट्रकवाल्या सवयीने तोटीत थिनर ओतलं. हा रंग पाण्यातला. थिनर लागताच तो दूध नासावं तसा फाटला आणि आत रबरासारखा गोळा बसला. मी तार घेऊन पुढे झालो, तर त्याने माझं मनगट धरलं. तारेने भोक मोठं झालं तर दुसरी तोटी नाही, म्हणाला. टांगा स्टँडवरून त्याने घोड्याच्या शेपटीचा केस आणला. साबणाच्या गरम पाण्यात तोटी भिजवत, केस घालत, ती मोकळी करायला दिवस गेला. पाणी घरून आणलेलं, तांब्याभर. कारखान्यात नळ नव्हता, प्यायचा माठ होता.

गुरुवारी रंग मलमलच्या कापडातून गाळला. तीन थेंब पाणी जास्त घातलं. तरी दर पाच मिनिटांनी तेच. तो सुई काढी, पुसी, बसवी. दुपारपर्यंत मी मोजलं, एकोणीस वेळा. काढता-घालताना सुई वाकायची भीती, आणि सुईही एकच. शेठ दारात येऊन उभे राहिले.

"मुख्तार, तुझ्याकडून होत नसेल तर आत्ता सांग."

"शेठ, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा."

शेठ गेल्यावर त्याने मलाच विचारलं, "चुडामण नाना, चूक माझी की यंत्राची?" मी पंप मारला.

शुक्रवारी सकाळी सातला तो मला हाक मारायला आला तेव्हा आमच्या अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालले होते. माझी बायको आणि मेहरुन ज्वारीचा शिजवलेला घाटा थापत होत्या. घाट्याच्या पातेल्यावर ओलं फडकं. मुख्तारने घाई करत वाटेतलं पातेलं बाजूला सरकवलं आणि फडकं खाली पडलं. मेहरुन त्याच्यावर उखडली.

"झाको उसको. हवा लगी की पपडी जमती."

तो पातेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाना, रंग आत नाही सुकत. टोकावर सुकतो." मेच्या झळा, त्यात कारखान्याची दोन्ही दारं आम्हीच वाऱ्यासाठी सताड उघडी ठेवत होतो.

त्याने सहापैकी दोन हंडे मागितले. मेहरुनने पोरांकडे पाहिलं, त्यांच्या अंघोळीचं पाणी होतं ते. मग एक हंडा स्वतःच उचलून चालू लागली. आम्ही दारांना गोणपाट बांधलं, ओलं केलं, जमिनीवर पाणी मारलं. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणून दोन थेंब रंगात घातले, सुकणं लांबावं म्हणून. दर चार फवाऱ्यांना तो ओल्या ब्रशने टोक पुसे. हात थांबला की टोकावर ओलं फडकं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंधराव्या मिनिटाला ट्यूबची हवा संपली, पण तोटी तुंबली नव्हती.

दुपारी जुम्म्याच्या नमाजाला गेला आणि धावत परत आला. तेवढ्यात गोणपाट वाळलं होतं. माठातलं पाणी मारलं आणि आम्ही तहानलेले राहिलो. ठिपक्यांची भिंत घासून पुन्हा रंगवली. पाच वाजता चिमणी झाली. शेठने खिडक्या एकेक पाहिल्या, मान डोलावली. शनिवारी टेम्पो धुळ्याला गेला.

एक तारखेपासून मुख्तार पगारावर लागला. ती तोटी त्याने पुढे पाच वर्षं चालवली. आणि त्या पाच वर्षांच्या पगारातून शिल्लक टाकून एकोणऐंशी साली घरात नळ घेतला. अर्धा इंची, पितळी तोटीचा.